उणे ऐंशी

कारखान्यात तिला सगळे मावशी म्हणत. ड्रिलिंग मशीनवर वीस वर्षं काढल्यावर तिने सुपरवायझरच्या परीक्षेचा फॉर्म भरला आणि गणिताने तिच्या तोंडाला फेस आणला. शिकवणी कॉलेजातल्या लेकीकडे.

"केंद्रापासूनचं अंतर आणि कोन सांगितला की बिंदू सापडतो," लेक म्हणाली. "पण एकाच बिंदूचे पत्ते अनेक. कोनात तीनशे साठ मिळव नाहीतर वजा कर, जागा तीच."

"ते पटलं. पण उणे अंतर? फूटपट्टीवर उणे असतं होय?"

"तोंड एकीकडे ठेव आणि मागे मागे चाल. ते उणे. मग कोन एकशे ऐंशीने बदलायचा."

मावशी स्वयंपाकघरात मागे चालली आणि पाण्याच्या पिंपावर आदळली. दोघी पोट धरून हसल्या. गणित मात्र वहीतच राहिलं.

मंगळवारी कामाला एक मोठी लोखंडी तबकडी आली. मावशीने ती फिरत्या टेबलावर मध्य साधून दोन क्लॅम्पनी आवळली. पाच भोकं पाडून झाली. सहावं राहिलं: केंद्रापासून ऐंशी मिलिमीटर, कोन दोनशे चाळीस. टेबल फिरवलं, तर वाटेतच एक क्लॅम्प मशीनच्या खांबाला अडला. तिने तीनशे साठ वजा केले, उणे एकशे वीस आले. तितकं उलटं फिरवायला गेली, तर वाटेत दुसरा क्लॅम्प अडला.

"सोडा आणि परत बांधा," फोरमन वैतागला. "गेला अर्धा दिवस."

"थांबा जरा, साहेब."

दोनशे चाळीसातून एकशे ऐंशी गेले, उरले साठ. तिने टेबल साठवर आणलं. कुठेच अडलं नाही. मग ती टेबल खालच्या सरकपट्टीवरून मध्यापासून नेहमीच्या उलट बाजूला सरकवायला लागली.

"अहो, तिकडे कुठे?"

"उणे ऐंशीला."

भोक पडलं. फोरमनने ड्रॉइंग पसरून स्वतः मापलं, चष्मा पुसून पुन्हा मापलं. केसभरही फरक नव्हता.

"कोणी शिकवलं हे?"

"घरी मास्तरीण आहे. फार कडक."

फोरमनला हसू आवरेना. "वाचलेला अर्धा दिवस तुमचा. जा घरी."

मावशी घरी गेलीच नाही. कॉलेजच्या फाटकापाशी जाऊन तिने लेकीला गाठलं आणि दोघी दुपारच्या खेळाला सिनेमाला गेल्या. पडद्यावर काय चाललंय याकडे दोघींचंही लक्ष नव्हतं. मावशी कुजबुजत सगळं पहिल्यापासून सांगत होती आणि मागच्या रांगेतून कुणीतरी सारखं "शूऽ" करत होतं.