माझ्यात जागा आहे हो!

मी केबल बोलतेय. हो, तीच काळी वायर, गच्चीवरून तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत घुसलेली. घरात नेट अडकलं की पहिली शिवी मलाच. आज जरा माझंही ऐका, कारण माझं डोकं फिरलंय.

जन्म कारखान्यातला. आत तांब्याची तार, तिच्याभोवती पांढरं वेष्टण, मग जाळी, वर काळा कोट. कंपनीने मला आणून या भिंतीवर खिळ्यांनी टांगलं. आधी माझ्यातून नुसत्या मालिका यायच्या, तेच ते रडणं. पुढे इंटरनेट आलं आणि या घरात बाई आल्या.

बाई ऐकू न येणाऱ्या मुलांना पडद्यावरून गणित शिकवतात, हातांच्या खुणांनी. त्यांच्या वर्गात आवाज गेला तरी चालतं. चित्र थांबलं की संपलं. आणि चित्र रोज थांबतं.

दोष माझा नाही! आडात नाही तर पोहऱ्यात कुठून, म्हणतात. इथे आड तुडुंब आहे, कंपनीच पोहरा धरून बसलीय. दुसरी एक कंपनी माझ्यातूनच चांगलं नेट द्यायला तयार होती. पण माझे मालक, म्हणजे हीच कंपनी, ऐकतील तर शपथ.

परवा कंपनीचा माणूस आला. बाईंचे सासरे, आयुष्यभर बस चालवलेले, त्याच्यापुढे उभे राहिले.

"अहो, त्या दुसऱ्यांना येऊ द्या की या वायरीतून."

"आजोबा, खर्च आम्ही करायचा आणि ते आयत्या बिळावर नागोबा?"

"फुकट कोण म्हणतंय? भाडं घ्या. रस्ता तुम्ही बांधलात म्हणून त्यावर बसही तुमचीच धावणार का?"

"वरून परवानगी नाही."

"मग निदान तुमची तरी नीट चालवा!"

"मॉडेम बंद करून चालू करा."

मॉडेम बंद करून चालू करा! यांचा एकच रामबाण. सर्दी झाली तरी हाच देतील मेले. खर्चाचं म्हणणं खोटं नाही, मला टांगताना घाम गाळलाय त्यांनी. पण म्हणून दारात आडवं पडायचं?

काल सकाळी वर्गातल्या सगळ्यात लहान, सगळ्यात बुजऱ्या मुलीने पहिल्यांदाच हात उचलला. काहीतरी विचारत होती. बोटं अर्ध्यावर आली आणि चित्र थांबलं; तिकडे तिच्या पडद्यावर बाईही तशाच थिजल्या. बाई पडद्याला नाक लावून "पुन्हा सांग, पुन्हा सांग" अशा खुणा करत राहिल्या. चित्र परत आलं तेव्हा खुर्ची रिकामी होती.

आज तिच्या आईचा फोन आला. "ती आता वर्गाला बसायला नको म्हणते. म्हणते, बाई माझ्याकडे बघतच नाहीत."

फोन ठेवून बाई सासऱ्यांना म्हणाल्या, "बघत होते हो बाबा. मी बघतच होते."

मालक, मी तुमचीच, कोण नाही म्हणतंय? भाडं घ्या, हवं तर माझ्यावर नाव कोरा. पण बाजूला व्हा. त्या पोरीचा प्रश्न अजून माझ्यातच अडकलाय.