हातानं इस्त्री केलेली चादर

“हात धुतलेस?”

तीन वर्षांनी भेटलेल्या बाबांचं माझ्याशी पहिलं वाक्य हे! अख्खं जहाज पालथं घालून, चार लोखंडी जिने उतरून आणि दोन चुकीच्या दारांत ओरडा खाऊन मी लाँड्रीत पोचले होते. धावत जाऊन गळ्यात पडणार होते, तर मध्ये छातीएवढा चादरींचा ढीग, आणि ढिगामागून हा प्रश्न.

“धुतलेत,” मी म्हटलं. साफ खोटं.

“पुन्हा धू.”

मी धुतले, आणि मग मात्र बाबांनी मला असं उचललं की माझ्या छातीवरचा दुभाष्याचा बिल्लाच तुटला.

वादळानं आमच्या बेटावरचं इस्पितळ उडवलं, म्हणून हे पांढरं दवाखान्याचं जहाज पाच दिवसांसाठी येऊन थांबलं होतं. आमच्या वर्गातल्या सहा मुलींना गोऱ्या डॉक्टरांचं म्हणणं म्हाताऱ्यांना आणि म्हाताऱ्यांची गाऱ्हाणी डॉक्टरांना सांगायला जहाजावर बोलावलं होतं. मी सकाळपासून एकोणीस आज्यांच्या पोटदुख्या इंग्रजीत सांगितल्या होत्या, त्यामुळे मला जगातलं काहीही जमेल असं वाटत होतं. (पुढं काय झालं ते वाचा आणि मग हसा.)

बाबा म्हणजे अपोरोसा. ब्रिटिश नौदलात गेले तेव्हा मी चौथीत होते. गावाला वाटलं, तोफा चालवणार. त्यांना दिली लाँड्री. पहाटे साडेचारला उठायचं. रक्ताच्या चादरी थंड पाण्यात, बाकीच्या उकळत्या. दिवसाला पाचशे, कधी सातशे. खाली खिडकी नाही.

“मग वर कुठला देश आलाय ते कसं कळतं?”

“मातीवरून,” बाबा म्हणाले. “चादरीला लागून येते ना. परवा लाल आली. वास घेतला, म्हटलं, ही घरची.”

सगळ्या चादरी मोठ्या तापलेल्या रुळातून सरसर जात होत्या. एक मात्र बाबांनी फळीवर वेगळी पसरली होती आणि ते तिला हातानं इस्त्री करत होते. एका कोपऱ्यात बारीक रफू होतं.

“हिचे एवढे लाड का?”

“वॉर्डात कुणी गेलं तर लागते. एक तयार ठेवतो.”

“तसा हुकूम आहे?”

“नाही.”

इस्त्री दोनदा पुढेमागे गेली. मग बाबा खालमानेनंच म्हणाले, “मागं एका बेटावर एक म्हातारा गेला. बरोबर कुणी नाही, नावही धड कळलं नाही. त्याची चादर मी केली. चार दिवसांनी तुझ्या आईचा निरोप आला, आजोबा गेले म्हणून. तारीख तीच होती.”

मी चादरीचं मोकळं टोक धरून ताणून दिलं.

आजोबांना जाऊन दोन महिने झाले होते. बाबा पोचले नाहीत, आणि त्यांचे थोरले भाऊ इनोके काका तेव्हापासून त्यांचा फोन घेत नव्हते. आमच्याकडे जो मातीला पोचला नाही, त्यानं आल्यावर पहिल्यांदा घरातल्या वडीलधाऱ्यापुढे यांगोनाची, म्हणजे आमच्या मानाच्या पेयाची, मुळं ठेवायची. त्यांनी ती स्वीकारली तर पुढचं सगळं, थडगं, घर, ताट. नाही स्वीकारली, तर आल्या वाटेनं परत. आणि बाबांना सुटी होती दुसऱ्या दिवशी अकरा ते तीन. चार तास! नंतर जहाज निघणार, ते पुन्हा दोन वर्षं नाही.

मी रात्रीच वहीच्या पानावर वेळापत्रक आखलं. अकराला धक्का. सव्वा अकराला काका. बाराला आजोबा. साडेबाराला जेवण. एकच अडचण होती: यांगोना कुटायला अर्धा-पाऊण तास जातो. म्हणून आईनं जपून ठेवलेली जुडी मी सकाळीच कुटून, चाळून, फडक्यात बांधून टाकली. हुशार ना?

धक्क्यावर सेमेसा मामा आधीच हजर होता. आईचा भाऊ म्हणजे बाबांची टर उडवायचा त्याला जन्मसिद्ध हक्क, आणि तीन वर्षांची थकबाकी.

“या, दाजी, या! काय हा गणवेश! बंदूक कुठे विसरलात?”

“आमच्या जहाजावर बंदूक चालत नाही,” होडीतून उतरत बाबा म्हणाले.

“अरे देवा! मग शत्रू आला तर?”

“त्याचीही चादर धुतो.”

मामा इतका हसला की त्याला धक्क्याचा खांब धरावा लागला. काकांपुढे बाबांच्या वतीनं तोच बोलणार होता. आपली बाजू आपण मांडायची नसते. हसू आवरून त्यानं माझ्यापुढे हात केला. “लोसा, आण ती जुडी.”

मी ऐटीत फडकं दिलं. मामानं गाठ सोडली आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं.

“कुटलीस?”

“सगळी! पाऊण तास वाचला, मामा!”

“अगं बये, कुटलेलं प्यायला असतं! पुढं ठेवायचं ते अख्खं, बुंध्यासकट! हे म्हणजे मुलगी मागायला जायचं आणि हातात खरकटं ताट न्यायचं!”

मला हे ठाऊक नव्हतं का? शंभरदा पाहिलं होतं. पण घड्याळाकडे बघता बघता डोक्यातून गेलं ते गेलंच. बाबांनी न रागावता फडकं पुन्हा गुंडाळून माझ्या हातात दिलं. तेच जास्त लागलं.

वादळानं मळे आडवे केल्यापासून गावात अख्खं मूळ दिसेनासं झालं होतं. तरी मामा आणि मी घरोघर फिरलो. लोकांनी वाळवलेली पानं दाखवली, आमच्यासारखीच पूड दाखवली, एका आजीनं तर चहा पाजला. तोवर बाबा टोपी हातात घेऊन गावाच्या वेशीवर उभे. मुळांशिवाय आत यायची सोय नव्हती. आम्ही रिकाम्या हातांनी परतलो तेव्हा एक वाजून गेला होता.

“पिशवीत काय आहे?” मामानं विचारलं.

“चादर. बाद मालातली, वॉर्डाच्या मोठ्या नर्सबाईंना विचारून घेतली. अण्णांच्या थडग्यावर घालीन म्हटलं.”

मामानं दाढी खाजवली. “हीच ठेवू. हाकलतील तर हाकलतील, उभं राहून तरी काय होणार?”

इनोके काका चटईवर मांडी घालून बसले होते. काका लेबनॉनला शांतिसेनेत होते. एक पाय तिथून अधू होऊन आला, पण पाठ अजून काठीसारखी. मामानं घडी घातलेली चादर त्यांच्यापुढे सरकवली आणि खालच्या आवाजात बोलत राहिला: उशीर, समुद्र, क्षमा. बाबा मागं, मान खाली. मी फडकं घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी.

काकांनी हात पुढे केला नाही. “मुळं कुठं आहेत?”

“वादळामुळं—” मामानं सुरुवात केली.

“मी कुटली!” मी दारातून ओरडले. “काका, चूक माझी आहे!”

“पोरीला कुणी विचारलंय?” त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. “आम्ही लेबनॉनात पडलेली आमची माणसं खांद्यावरून आणली. हा तिकडं परक्यांचे कपडे धुतो आणि बापाच्या नावानं वापरलेली चादर घेऊन येतो. हिचा अर्थ काय?”

मामाला अर्थ माहीत नव्हता. तो काहीतरी जुळवायला लागला.

“तू नको. त्याला बोलू दे.”

असं कधी होत नाही. बाबांनी मान वर केली नाही, पण बोलले.

“दादा, आमच्याकडे माणूस गेला की असली एक चादर लागते. ती मी हातानं करतो. ज्या दिवशी अण्णा गेले, त्या दिवशी दुसऱ्या कुणाच्या तरी बापाची केली. तेव्हा ठाऊक नव्हतं. ही अण्णांची.”

बाहेर एक कोंबडी ओरडत राहिली. काकांनी चादर उचलली नाही. नुसता अंगठा ठेवला, घडीच्या धारेवर, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू नेला. पलटणीत त्यांनी वीस वर्षं स्वतःच्या गणवेशाची घडी अशीच तपासली होती.

“धार चांगली आहे,” ते म्हणाले. मग दोन्ही तळवे पोकळ करून त्यांनी तीनदा टाळी वाजवली. स्वीकारली! माझ्या हातातलं फडकं सुटलं आणि पाऊण तासाचं यांगोना सगळ्या उंबऱ्यावर सांडलं.

“होडी तीनला ना? चला.” काका स्वतः उठले आणि पाय ओढत पुढं निघाले.

आजोबांच्या थडग्यावर गावानं घातलेले रंगीत कापडाचे तागे वाऱ्यानं सैल झाले होते. बाबांनी चादर झटकली. काकांनी समोरची दोन टोकं धरली. बाबांनी कोपरा तिरका उचलला, खाली वळवला आणि दगडाखाली खोचला, वॉर्डातल्या खाटेवर खोचतात तसा.

“आधी तिरकं, दादा. मग आत.”

काकांचा कोपरा वाकडा झाला. मला भेटण्याआधी हात धुवायला लावणाऱ्या माझ्या बाबांनी तो तसाच राहू दिला.

जेवण झालंच नाही. आईनं केळीच्या पानात बांधून दिलेले तारोचे कंद आणि मासा बाबा होडीतच खात राहिले, आमच्याकडे तोंड करून, होडी दिसेनाशी होईपर्यंत.

आजोबांना जाऊन शंभरावी रात्र झाली आणि रिवाजाप्रमाणे थडग्यावरची कापडं उतरवली. चादरीला मधोमध लाल मातीचे डाग पडले होते, पावसानं खोल गेलेले. आई ती बादलीत घालायला निघाली.

“राहू दे,” काका म्हणाले. “धुणारा आला की धुवेल.”

त्यांनी ती जुन्या घड्यांवरच पुन्हा घातली आणि आपल्या पेटीत, लेबनॉनच्या गणवेशाच्या वर, ठेवून दिली.