दोन बैठकांची गाडी

कारखान्यात चाळीस वर्षं लेथ चालवलेल्या टर्नरला निवृत्तीनंतर घर खायला उठायचं, कारण बोलायला कुणी उरलंच नव्हतं. बायकोच्या शेवटच्या आजारात तो एकोणीस दिवस दवाखान्यात तिच्या खाटेशेजारी लोखंडी स्टुलावर बसून होता. ती गेली, पण ते स्टूल काही त्याच्या पाठीतून जाईना. रुग्णासोबत बसणाऱ्यांसाठी पाठ टेकायच्या खुर्च्या आणायच्याच, असं त्याच्या मनाने घेतलं.

मेहुणा वेल्डर. दोघांनी मिळून पायडलवर चालणारी, शेजारी शेजारी बसायची गाडी बनवायला घेतली. आठ दिवस गावोगाव देणग्या मागत तिच्यावरूनच त्या दवाखान्याच्या दारात पोचायचं, असा बेत होता. उलट्या डब्यांवर बसून त्यांनी एकमेकांच्या पायांची मापं घेतली, फरशीवर खडूने सांगाडा आखला. मेहुण्याचे पाय आखूड, म्हणून त्याचं पायडल चार बोटं अलीकडे घेतलं.

"दाजी, तुम्ही पायडल मारा, मी ब्रेक सांभाळतो," मेहुणा म्हणाला.

"माझ्या लग्नापासून तेच करतोयस."

निघायला आठवडा उरला आणि मेहुणा दारात येऊन उभा राहिला. आत येईना.

"दाजी, मी नाही येत."

"गुडघा दुखतोय?"

"गुडघा ठणठणीत आहे. ताई निरोपावर निरोप पाठवत होती, तेव्हा मी दवाखान्यात फिरकलो नाही. आता देणगीचा डबा वाजवत तिथे कुठल्या तोंडाने जाऊ?"

हे दोघांनाही ठाऊक होतं, फक्त आजवर कुणी बोललं नव्हतं. टर्नर "बरं" म्हणाला.

एकट्याच्या वजनाने गाडी एका बाजूला ओढायची, म्हणून त्याने रिकाम्या बैठकीवर वाळूचं पोतं बांधलं. लोक डब्यात पैसे टाकत आणि विचारत, "दुसरे कुठे आहेत?" तो सांगायचा, "मागून येतायत."

चौथ्या दिवशी चढावर त्याचा दम उखडला. पायी चाललेली एक पोस्टमन बाई थांबली. तिने पोतं सोडून बैठकीच्या मागे टाकलं आणि सरळ शेजारी बसून पायडल मारायला लागली. माथ्यापर्यंत ती आपल्या सासूच्या तक्रारी सांगत होती. वर्षभरात त्याच्या कानांवर एवढं बोलणं पडलं नव्हतं.

"चला, माझा फाटा आला," म्हणत ती उतरून गेली. त्याने पोतं लगेच परत बैठकीवर बांधलं नाही. हँडल आवळून तसाच तो कितीतरी लांब गेला.

तो पोचला. दोन महिन्यांनी दवाखान्यात बारा खुर्च्या आल्या. त्याने मेहुण्याला फोन केला.

"खुर्च्या आल्या. मागे कलतात."

"बरं झालं," मेहुणा म्हणाला. मग विचारलं, "गाडी?"

"दारात आहे. सांगाड्याला चीर पडलीय."

रविवारी मेहुणा वेल्डिंगचं सामान घेऊन आला. चीर भरली, हात पुसले. चहाला नको म्हणाला. फाटकापाशी गेल्यावर मात्र थांबला.

"ताई बसली असती त्या खुर्चीत?"

"छे. तुला बसवलं असतं आणि स्वतः उभी राहिली असती."

मेहुण्याने मान हलवली आणि गेला. टर्नर फाटक न लावताच आत आला. दुपारचं जेवण अजून व्हायचं होतं.