बरोब्बर अकरा वाजता

गडचिरोलीच्या तळ्याच्या पाळीवर येऊन गोकुळाला तास उलटून गेला होता, आणि तिचा भाऊ इस्तारी पार कावला होता.

"आपल्या कुरखेड्याकडं अकराची वेळ दिली तर माणूस अकराले आंघोळीले बसते," तो म्हणाला. "आन् तू साडेनऊलेच मले इथी आणून उभं केलं!"

गोकुळा चहूकडं नजर फिरवत होती. नवी जागा तिला आधी नीट बघून घ्यावी लागे. हॉर्न कुठून वाजतात, कुठं बसलं तर पाठीमागून कोणी येणार नाही, हे कळलं की मग तिचा जीव थाऱ्यावर येई.

तेहतीस वर्षांची बाई, तळ्यातल्या मासोळीवर जगणाऱ्या घरची. जाळं असं विणायची की एक गाठ इकडची तिकडं नाही. पण चार माणसं एकदम बोलायला लागली की चालती व्हायची. गावानं तिला घुमी म्हटलं, शिष्ट म्हटलं, वर अंगारे-धुपारेही करून पाहिले. घ्या! मागच्या वर्षी डॉक्टरीणबाईंनी कागदावर 'ऑटिझम' लिहून दिलं, तेव्हा कुठं त्या सगळ्याला नाव मिळालं.

बाईंनीच तिला मोबाईलवरच्या एका ग्रुपमध्ये घातलं. ती धरून चंद्रपूर-गडचिरोलीची चार मोठी माणसं, बाकीची तिघंही तिच्यासारखीच. सहा महिने नुसतं लिहिणं चाललं. फोटो नाही, फोन नाही. आज पहिली भेट होती, वडाखाली, अकरा ते एक. निघताना तिनं इस्तारीला सांगून टाकलं होतं, "दादा, कोणी नाई आलं तर मी समजीन, अशी मी एकलीच हाओ. मंग पुन्हा कुठी ने म्हणणार नाई."

म्हणून तर इस्तारी पाळीवरच्या एकेका माणसाला निरखत होता.

पाळीवर तीनच माणसं होती. एक दणकट माणूस पाठ करून पाण्याकडं बघत उभा. पायरीवर एक पोरगी, ओढणी तोंडापर्यंत ओढलेली. पार टोकाला एक म्हातारबुवा, बसल्या जागी हळूहळू डोलत.

"जाऊन विचारू का त्याइले?" इस्तारी म्हणाला.

"अकरा नाई वाजले."

"अवं, पण तेच असले तर?"

"असले तरी अकरा नाई वाजले."

इस्तारीनं कपाळावर हात मारून घेतला.

अकरा वाजले. गोकुळा उठली.

आणि तो दणकट माणूस वळला. पायरीवरची पोरगी उभी राहिली. म्हातारबुवांनी पिशवी उचलली. कोणी हाक मारली नाही, कोणी खूण केली नाही. चौघंही त्याच मिनिटाला वडाकडं चालू लागली.

गोकुळाच्या अंगावर सरसरून काटा आला. गावच्या तळ्यावर एकदा वाघ तिच्यासमोरून गेला होता, तेव्हाही ती अशीच श्वास धरून उभी होती. पण तेव्हा भीती होती; आज नुसतं नवल! अगं बाई, हे सगळे तर कधीचे इथंच होते. तिच्यासारखेच जागा बघत, तिच्यासारखेच अकराची वाट पाहत.

"मी बल्लारपूरचा हेमराज," दणकट माणूस जमिनीकडं बघत म्हणाला. "आठ वाजताच आलो."

"मी नऊले. उर्वशी," पोरगी म्हणाली.

"मी लच्छू, भामरागडचा," म्हातारबुवा म्हणाले. "कालच आलो. आमच्या रस्त्याचा काय भरवसा?"

इस्तारी हसू दाबत निघून गेला. एक वाजता न्यायला ये, असं गोकुळानं त्याला बजावलं होतं.

मग ती चौघं बसली. हेमराज वीस मिनिटं रेल्वेच्या सिग्नलबद्दलच बोलला आणि कोणी त्याला तोडलं नाही. नंतर बराच वेळ कोणीच बोललं नाही, तेही कोणाला खटकलं नाही. एक बुलेट फाडफाड करत पाळीवरून गेली, तसे आठही हात एकदमच कानांवर गेले. गोकुळा बघतच राहिली. आपल्या कानांत जे होतं ते दुसऱ्याच्याही कानांत होतं, हे तिनं जन्मात पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं.

इस्तारी आला तो आपल्या रिवाजाप्रमाणे दीडला. वडाखाली गोकुळा एकटीच बसलेली.

"बाकीचे कुठी हायेत?"

"एक वाजला. गेले."

"तुले एकटीले टाकून? येतो बी नाई म्हटलं?" त्याचं डोकंच फिरलं. "असे कसे लोक!"

"नाई म्हटलं. उठले आन् गेले." तिचे डोळे भरून आले होते. "दादा, मी लग्नाच्या मांडवातून अशीच उठून येते, तवा आई चार दिवस रडते. मले वाटे, किती वाईट दिसत असन ते. आज मी तिघाइले तसंच जाताना पाह्यलं."

"मंग?"

"काईच वाईट नाई दिसत, दादा."