दोन नंबरची टाकी

मत्स्यशेतीवर सगळे तिला मावशी म्हणत, आणि मावशीचा जीव म्हणजे नको तिथे अडकणारा. माशांच्या डॉक्टरीणबाईंनी प्रयोगासाठी दोन टाक्या वेगळ्या काढल्या होत्या. पहिलीतल्या माशांच्या खाद्यात क जीवनसत्त्व आणि जस्ताची पावडर, दुसरीतल्यांना नुसतं खाद्य. दोन महिन्यांनी दोन्हींत रोगाचे जंतू सोडायचे आणि कोण किती तग धरतं ते पाहायचं. खाद्य घालायचं काम मावशीकडे होतं.

पाचव्या आठवड्यात दुसऱ्या टाकीतल्या माशांचे कल्ले फिके पडले, परांच्या कडा झिजल्या. मावशीला बघवेना. माशांवर एवढी माया करायची तर इथे नोकरी कशाला धरायची, पण हे तिला सांगणार कोण? पहिल्या टाकीच्या डब्यातलं खाद्य ती गुपचूप दुसरीतही घालू लागली.

जंतू सोडले. दोन्ही टाक्यांत दोन-चारच मासे दगावले. मावशीला मनातून गुदगुल्या झाल्या.

मालकांना तर त्याहून जास्त. पावडरीने काडीचा फरक पडत नाही म्हटल्यावर त्यांनी शेतीवरच्या वीसच्या वीस टाक्यांना मिळणारी ती महागडी पावडर बंद करून टाकली. मावशीच्या पायाखालची जमीन सरकली. खरं सांगावं तर नोकरी जाणार, नोकरीबरोबर मिळालेली खोली जाणार, आणि त्या खोलीत लेक नि तिचं आठ दिवसांचं बाळ. गप्प बसावं तर एवढे मासे पहिल्याच साथीत जाणार.

दोन दिवस तिला अन्न गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी ती प्रयोगशाळेत गेली आणि डॉक्टरीणबाईंना सगळं सांगून टाकलं. बाईंनी उठून दार लावलं.

“मला शंका आली होती,” त्या म्हणाल्या. “कल्ले परत लाल झाले तेव्हाच.”

“मग बोलला का नाहीत?”

“त्या टाकीवर लक्ष कुणी ठेवायचं होतं? मी. अहवालावर माझी सही आहे, मावशी. आधी मी जाईन, मग तुम्ही. हे इथेच राहू दे.”

एकदा सांगितलं की सुटले, असं मावशीने धरलं होतं. तीही वाट बुजली.

मावशीच्या हाताला गुण आहे, असं म्हणत मालकांनी वीसही टाक्या तिच्याकडेच सोपवल्या होत्या. बिनपावडरीच्या नव्या खाद्याचं घमेलं घेऊन ती पहिल्या टाकीपाशी गेली. तिची पावलं ओळखून मासे वर आले आणि तोंडं उघडून कडेला दाटले. मावशीला रडू फुटलं. मग तिने पदराने डोळे पुसले आणि त्यांना पोटभर खाऊ घातलं.