सशाच्या वर्षातली सवाष्ण

देवाला फसवता येत नाही. नगरदेवाच्या देवळात दारावरच्या पाटीवर हे सोनेरी अक्षरांत कोरलेलं आहे, आणि ग्योकचू ती पाटी तरुणपणापासून पुसत आली होती. त्या मंगळवारी तिच्या आईने, चाकांच्या खुर्चीत बसून केळं खाता खाता, हा उद्योग आपण कधीच उरकला असल्याचं तिला सांगितलं.

मागच्या दालनात साठ वर्षांच्या चक्राचे साठ सेनापती, दर वर्षाला एक, पायऱ्यांवर ओळीने बसतात; वर्षांना उंदीर, बैल, वाघ, ससा अशी बारा प्राण्यांची नावं पाळीपाळीने येतात. ज्याने त्याने आपल्या जन्मवर्षाच्या सेनापतीपुढे दिवा लावायचा आणि वर्षभराची काळजी त्याच्या गळ्यात घालायची. ग्योकचूचा सेनापती सशाच्या वर्षाचा. त्याच्या दाढीत तिने कधी धुळीचा कण राहू दिला नव्हता. शेजारचा वाघाच्या वर्षाचा. त्याला ती हात राखूनच पुसे. तरी त्याचे पाय कसे कोण जाणे, नेहमी चकचकीत असत.

"हा कोण गं?" आईने विचारलं.

"माझा सेनापती, आई. दर वर्षी विचारतेस."

"तुझा कुठला? तुझा तो पलीकडचा, डोळे वटारून बसलाय तो."

"तो वाघाच्या वर्षाचा."

"मग? तू वाघाच्याच वर्षातली. ऐन भातकापणीत झालीस. तुझा बाप म्हणाला, वाघीण कोण घरात घेणार, नवीन वर्ष लागू दे, मग नोंदवू. लागलं, नोंदवली." आईने केळ्याचं साल खुर्चीच्या हातावर नीट पसरून ठेवलं.

"आणि मला कधी सांगितलं नाहीस?"

"तुझ्या सासूच्या कानावर गेलं असतं. आता ती गेली."

सासूला जाऊन अकरा वर्षं झाली होती. आई सावध बाई.

आता गावात वाघीण असणं हा काही गुन्हा नव्हे. वाघिणी नोकऱ्या करतात, दुकानं चालवतात, नवऱ्यांना धाकात ठेवतात. फक्त लग्नघरात त्यांनी नवरीच्या वाटेत यायचं नाही, तिच्या पलंगाला हात लावायचा नाही. संसाराचा घास घेतात म्हणे. आणि ग्योकचू तर गावची मानाची सवाष्ण. नवरा जिवंत, एक मुलगा, एक मुलगी, वर्ष सशाचं. नवरी गाडीतून उतरली की तिच्या डोक्यावर तांदळाची लाल चाळणी धरायला गाव तिलाच बोलवायचं. ती रिकामी नसली तर तिची शाळेपासूनची मैत्रीण सिउबी. येत्या रविवारी देवळाचे अध्यक्ष खो यांच्या नातीचं, यीचेनचं लग्न होतं, आणि ग्योकचू रिकामी होती.

घरी नवरा, आहोक, टीव्हीपुढे शेंगा फोडत होता.

"म्हाताऱ्या, मी वाघीण आहे."

"हे मला लग्नाच्या दुसऱ्या दिवशी कळलं."

"चेष्टा नको. खरंच. आईने आज सांगितलं." तिने सगळं सांगितलं.

आहोकने टीव्हीचा आवाज कमी केला. हे तो भूकंपाची बातमी असेल तरच करत असे. "बरं, मग आता काय? मला खाल्लंस का इतक्या वर्षांत? उलट माझं पोट बघ."

"तुझं सोड. मी चाळणी धरलेल्या किती पोरी माहेरी परतल्या. मासेवालीची थोरली परतली. चहावाल्यांची सून तर दिवाणखान्यातला एसी काढून घेऊन गेली."

"आणि सिउबीने धरलेल्या?"

"तिच्याही परतल्याच की."

"मग?"

"पण ती वाघीण नाही ना! तिच्या पोरींचं नशीब. माझ्या पोरींची मी."

आहोकने शेंगांची वाटी तिच्यापुढे सरकवली. एवढ्यावर त्याचं तत्त्वज्ञान संपत असे.

यीचेन दुसरी कुणी असती तर ग्योकचूने मन घट्ट केलं असतं. पण ही पोर आईवेगळी. लहानपणी सारखी आजारी, म्हणून आजीने तिला देवाच्या टेबलाखालच्या वाघोबाच्या ओटीत घातली. दर वर्षी वाघोबापुढे कच्चं अंडं ठेवून तिच्या गळ्यातला लाल दोरा बदलायचा, आणि तो दोरा ग्योकचू बांधायची. तिचा पहिला पडलेला दात ग्योकचूच्या रुमालात घरी गेला होता. तिच्या डोक्यावर चाळणी धरायचा दिवस ग्योकचूने मनात कधीपासून राखून ठेवला होता.

बुधवारी तिने नगरदेवापुढे कौल लावला. चंद्रकोरीसारखे दोन लाकडी तुकडे कपाळाला लावले, "रविवारी जाऊ का?" असं विचारलं आणि टाकले. एक उताणा, एक पालथा पडला तर होकार. दोन्ही पालथे, तर नकार. दोन्ही उताणे पडले. म्हणजे देव हसतोय. तिने पुन्हा टाकले. देव पुन्हा हसला. तिसऱ्यांदा एक तुकडा गरगरत जाऊन वाघोबाच्या टेबलाखाली घुसला. ती गुडघ्यांवर बसून तो काढायला लागली, तोही उताणाच.

"काय गं, कसला एवढा अवघड प्रश्न?" उदबत्त्या विकायच्या खिडकीतून सिउबीने विचारलं. "देवाचा जबडा दुखेल."

"गुडघ्याचं विचारत होते."

तेवढ्यात अध्यक्ष खो नातीला घेऊन आले. यीचेनच्या हातात चाळणी होती, नवीन, लाल रंग अजून बोटाला लागत होता. "मावशी, धरून बघा. जड नाही ना?"

ग्योकचूने हात मागे घेतले. "बाळा, माझा गुडघा गेलाय. तुझ्या गाडीपर्यंत चालवणार नाही. सिउबी मावशी धरेल."

यीचेनने चाळणी खाली केली. गळ्यातला दोरा तेवढा बोटाने चाचपत राहिली.

"मी?" खिडकीतून सिउबीचा आवाज बदलला. "छे, मी नको. या घरात तर नकोच. माझाही गुडघा..."

"कमाल आहे," अध्यक्ष म्हणाले. "गावात सवाष्णी दोन, गुडघे चार, आणि चारही एकाच आठवड्यात गेले? मी आता बाहेरगावाहून गुडघे मागवू?"

गुरुवारी पहाटे देऊळ उघडताच ग्योकचू मागच्या दालनात गेली. एवढी वर्षं चुकीच्या दारात दिवा लावला, म्हणून खऱ्या सेनापतीची माफी मागायची होती. वाघाच्या सेनापतीपुढे कुणी तरी पाठमोरं वाकून त्याचे पाय पुसत होतं. गुडघे व्यवस्थित वाकले होते.

"सिउबी?"

सिउबी दचकली. मग ग्योकचूच्या हातातला दिवा बघितला, आणि तो कुणापुढे ठेवायला आणलाय हेही बघितलं.

"तूसुद्धा?" ती म्हणाली.

"मंगळवारी कळलं. तुला?"

"आई जाताना सांगून गेली. माझा धाकटा तेव्हा शाळेत होता."

"धाकट्याला आता पोरं आहेत, सिउबी! आणि तू चाळण्या धरत राहिलीस?"

"मी कौल लावला होता ना. देव हसला. नाही म्हणाला नाही, म्हणून मी हो धरलं." तिने फडका पिळला. "पण यीचेनच्या वेळी धीर होईना. ती आपल्या डोळ्यांदेखत वाढली."

दोघी सेनापतीच्या पायाशी बसल्या. तो डोळे वटारून समोर बघत होता. त्याला ही बातमी नवी नसावी.

"ती पोर टेबलाखालच्या वाघोबानेच वाढवली," शेवटी ग्योकचू म्हणाली. "त्याने खाल्लं नाही तिला."

"अंडी मिळतात त्याला."

"तरी."

सिउबीने विचार केला. "एकटीने नाही धरणार मी."

"मी तरी कुठे एकटीने म्हणतेय?"

रविवारी यीचेन गाडीतून उतरली तेव्हा चाळणी दोघींनी धरली होती, एक बाजू एकीने, एक दुसरीने. उंची सारखी नसल्यामुळे ती ग्योकचूकडे जरा कलली होती. उंबऱ्यापाशी यीचेनने मान वर करून बघितलं आणि कुजबुजली, "गुडघा कसा आहे, मावशी?" ग्योकचूने "पुढे बघ" म्हणून तिला दटावलं, आणि डोळे पुसायला हात रिकामा नसल्यामुळे ते तसेच राहू दिले. अध्यक्ष खो पाहुण्यांना सांगत होते, आमच्याकडे दोन सवाष्णी, दोन्ही अस्सल सशाच्या वर्षातल्या.

या दोघी जन्मल्या त्या वाघाच्या वर्षात, सरकारी नोंदीप्रमाणे, गावात एकही मुलगी जन्मली नाही. त्याच्या लगेच पुढच्या, सशाच्या वर्षात मात्र इतक्या जन्मल्या, की शाळेला मुलींची जादा तुकडी काढावी लागली. ग्योकचू आणि सिउबी त्याच तुकडीत होत्या.