मोनाचं निळं पाणी

रूपालीनं टाकीच्या काचेला कपाळ टेकवलं. पाणी पुन्हा नितळ. काल सकाळी औषध घातलं तेव्हा ते दौतीतल्या शाईसारखं निळं झालं होतं. आज पलीकडची भिंत आरपार दिसत होती. आणि मोना, तिच्या लेकीची, अनुजाची केशरी गोल्डफिश, तळाशी कलंडून धापा टाकत होती. अंगभर पांढरे ठिपके, कुणी रवा भुरभुरल्यासारखे.

अनुजा आजऱ्याला मामाकडे गेली होती. आज पाचपर्यंत घरी येणार होती. दारातनं आली की चप्पल काढायच्या आधी ती टाकीपाशी जाते. नऊ वर्षांच्या पोरीला सांगायचं तरी काय?

रूपालीनं माशांच्या दुकानवाल्या आकारामला फोन लावला.

"वहिनी, फिल्टरमधनं कार्बनची पिशवी काढली न्हवं? ती आत असली की सगळं औषध पिऊन टाकती बघा. मासा ऱ्हातोय कोरडाच."

"परवाच काढली की. तुम्ही सांगितलं तवाच."

"मग पाणी निळं का न्हाय? एकदा उघडून बघा. आजचा दिवस गेला, तर मासा गेला."

तिनं फिल्टरचं झाकण उघडलं. आत कार्बनची तीच पिशवी. नीट धुतलेली, तोंडाला मलमलीच्या चिंधीची गाठ. अशी गाठ घरात एकच माणूस बांधायचा.

सासू, रत्नाबाई, स्वयंपाकघरात नळाचं पाणी फडक्यातनं गाळत बसली होती. नळाला मशीन लावलं तरी गाळणं सुटलं नव्हतं. फडक्यात अडकलेले, डोळ्यांना न दिसणारे जीव वाटीभर पाण्यात उतरवायचे आणि ते पाणी बस्तीच्या, जैन देवळाच्या, विहिरीत सोडून यायचं. चाळीस वर्षं हेच.

"आत्ती, ही पिशवी आत कुणी घातली?"

"मी." रत्नाबाईनं मान वर केली नाही. "परवा फोनवर तूच म्हणालीस, त्या ठिपक्यांत किडं हैत म्हणून."

"मग?"

"मग काय? मासा एक, ते हजार. त्यास्नी माराय मी घरात इख ओतू देऊ व्हय?"

"मोना मरायला लागलीय."

"ती तिच्या कर्मानं मरंल. आपल्या हातनं न्हवं."

रूपालीच्या कानशिलांत रक्त चढलं. आपले हात तेवढे स्वच्छ ठेवायचे आणि समोरचं मरण बघत बसायचं, हा कसला धर्म?

"दिवाळीत तुम्हाला न्यूमोनिया झाला. आठ दिवस सलाईनमधनं औषध गेलं. त्यानं काय मेलं मग? जंतूच की. ते किती हजार हुते?"

"मला शुद्ध हुती व्हय? मला कोण इचारलं?"

"मला विचारलं. सही मी केली."

रत्नाबाईचा हात फडक्यावरच राहिला. ती सुनेकडे बघत राहिली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच बघत असल्यागत. मग उठली, पदराला हात पुसले आणि टाकीपाशी जाऊन उभी राहिली. मोनाचे कल्ले हलले, थांबले, पुन्हा हलले.

"बाटली आण."

"मी घालते. तुम्ही नुसती ती पिशवी..."

"आण म्हटलं की. सगळं पाप तुझ्याच नावावर कशाला?"

रूपालीनं पिशवी काढून बादलीत टाकली आणि बाटली दिली. "दहा थेंब." रत्नाबाई एकेक थेंब सोडू लागली. दर थेंबाला ओठ हलत होते. निळे धागे खाली उतरत गेले, पसरले, आणि मोना दिसेनाशी झाली.

"जगंल?"

"काय सांगावं."

"किती दिस घालायचं?"

"सात."

रत्नाबाईनं बूच घट्ट पिळलं. "मग सात दिस सांजचं मला वाढू नको."

 रूपालीला हे पटलं नव्हतं, पटणारही नव्हतं. दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची म्हणून परातीत चौघांचं पीठ काढलं होतं. तिनं त्यातली सासूच्या वाटणीची मूठ परत डब्यात टाकली. थोडं थांबून आपलीही.

खाली रिक्षा थांबली.